वजनाच्या शस्त्रक्रियेची पहिली भेट : फाईलमध्ये काय न्यायचं, तोंडाने काय सांगायचं

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेसाठी पहिल्यांदा सर्जनकडे जाताना बहुतेक जण प्रश्नांची यादी घेऊन जातात. यादी हवीच. पण निर्णयाला वळण देणारी बरीचशी माहिती त्या दिवशी डॉक्टरांकडे नसते, तुमच्याकडे असते. छातीत जळजळ किती वेळा होते, गुडघ्यासाठी कोणती गोळी घेता, झोपेत श्वास अडकतो का, वजन नेमकं कधीपासून वाढायला लागलं, या उत्तरांवरून स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून काढणं) की बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडणं), आत्ता की सहा महिन्यांनी, हे बदलू शकतं. म्हणून काय विचारायचं यापेक्षा काय सांगायचं याची तयारी आधी करा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

उंचीपासून सुरुवात

वजन सगळ्यांना पाठ असतं. उंची मात्र कधीतरी शाळेत किंवा ओळखपत्रासाठी मोजलेली सांगितली जाते आणि तिथेच गडबड होते. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते दाखवणारा आकडा, काढताना किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागतात, त्यामुळे उंचीतली छोटी चूक मोठी होऊन बाहेर येते. ८९ किलो वजन आणि १६० सेंटिमीटर उंची असेल तर बीएमआय येतो ३४.८. तीच उंची खरी १५८ असेल तर ३५.७. निकषाची एक रेघ ३५ वर असल्यामुळे या दोन सेंटिमीटरमुळे माणूस रेघेच्या एका बाजूचा दुसऱ्या बाजूला जातो.

अनवाणी, टाचा आणि पाठ भिंतीला टेकवून, नजर सरळ ठेवून उभं राहा. डोक्यावर पुस्तक आडवं धरून दुसऱ्या कुणालातरी खूण करायला सांगा. वजन सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, हलक्या कपड्यांत करा. वजनकाट्याची मर्यादाही बघून ठेवा. घरगुती काटे बहुधा १५० किंवा १८० किलोपर्यंतच असतात. तुमचं वजन त्याच्या आसपास असेल तर क्लिनिकला फोन करून तिथल्या काट्याची क्षमता आणि बिनहाताच्या रुंद खुर्च्या आहेत का, हे बेधडक विचारा. या शाखेत काम करणाऱ्यांना या प्रश्नाचं नवल वाटत नाही.

निकषांबद्दल बरीच जुनी माहिती फिरत असते. १९९१ साली अमेरिकेत ठरलेल्या निकषांनुसार बीएमआय ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत वजनामुळे आलेला गंभीर आजार, अशी अट होती. २०२२ मध्ये या विषयातल्या अमेरिकन आणि आंतरराष्ट्रीय सर्जन संघटनांनी मिळून ती बदलली. आता ३५ च्या वर इतर आजार असो वा नसो शस्त्रक्रियेची शिफारस आहे, आणि ३० ते ३४.९ मध्ये मधुमेहासारखा चयापचयाचा आजार असेल तर विचार करावा असं म्हटलं आहे. आशियाई वंशाच्या लोकांमध्ये कमी वजनालाच मधुमेह आणि हृदयविकार गाठतात, म्हणून त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेची रेघ २७.५ वर आणली आहे. विमा कंपनी किंवा सरकारी योजना मात्र जुनेच आकडे धरून बसलेली असू शकते. वैद्यकीय पात्रता आणि खर्चाची मंजुरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची चौकशीही वेगवेगळी करा.

वजनाचा इतिहास एका पानावर

"लहानपणापासूनच जाड आहे" या वाक्यातून डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही. एक पान घ्या, डावीकडे वर्ष, मध्ये वजन, उजवीकडे त्या सुमारास आयुष्यात काय घडलं ते. पहिलं बाळंतपण, पायाचं हाड मोडून तीन महिने अंथरुणात, रात्रपाळी सुरू, स्टिरॉइडच्या गोळ्या, सिगारेट सोडली, असं काहीही. जुनी वजनं आठवत नसतील तर जुन्या केसपेपरवर, गर्भारपणाच्या कार्डावर किंवा आरोग्य तपासणीच्या रिपोर्टवर सापडतात. प्रौढ वयातलं सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वजन वेगळं लिहा.

खाली आतापर्यंतचे प्रयत्न. कोणता आहार किंवा औषध, किती महिने, किती किलो उतरले, किती परत आले आणि किती काळात. प्रयत्न फसले म्हणून ते लपवू नका. फसलेले प्रयत्न हा तुमच्याविरुद्धचा पुरावा नाही. शरीर वजन परत कसं खेचून आणतं, हे त्यातूनच दिसतं, आणि काही विमा योजना तर अशी लेखी नोंद मागतातच. वजन उतरवणारी इंजेक्शनं, म्हणजे सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपटाइड, घेतली असतील तर सुरुवातीचा आणि शेवटचा डोस, आणि बंद का केली तेही लिहा. सध्या चालू असतील तर शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं याची तारीख हवी, कारण या औषधांनी जठर उशिरा रिकामं होतं आणि एंडोस्कोपी (तोंडातून दुर्बीण घालून जठर पाहण्याची तपासणी) किंवा भूल देण्याआधी ते माहीत असणं गरजेचं असतं.

हे पान वाचताना चांगला डॉक्टर आणखी एक गोष्ट शोधत असतो : वजनवाढीमागे दुसराच आजार किंवा औषध तर नाही ना? ओलान्झापिन, व्हॅलप्रोएट, ॲमिट्रिप्टिलिन, मिर्टाझापिन, इन्शुलिन, स्टिरॉइड ही औषधं वजन वाढवू शकतात. वजन वर्ष-दीड वर्षात झपाट्याने वाढलं असेल, पोटावर बोटाएवढे रुंद जांभळे पट्टे असतील, किरकोळ लागून काळंनिळं होत असेल आणि खाली बसल्यावर मांड्यांच्या जोरावर उठवत नसेल, तर स्वतःहून सांगा. ही कुशिंग आजाराची, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त झाल्याची, लक्षणं असू शकतात आणि त्याचा उपचार पूर्ण वेगळा आहे.

औषधांची यादी : इथे आळस नको

सगळ्या तयारीत एकच गोष्ट करायला वेळ असेल तर ही करा. गोळ्यांच्या पट्ट्या आणि बाटल्या टेबलावर मांडा आणि प्रत्येकीचं नाव, मिलिग्रॅम, वेळ आणि कशासाठी हे उतरवून काढा. नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर अशी अक्षरं असतील तर तीही लिहा. ती सावकाश विरघळणारी गोळी असते. बायपासनंतर आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळला जातो, त्यामुळे अशा गोळ्यांचं शोषण बेभरवशाचं होतं आणि बऱ्याचदा साध्या गोळीत किंवा पातळ औषधात बदल करावा लागतो.

काही औषधं तर शस्त्रक्रिया कोणती करायची हेच ठरवतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी बायपासच्या जोडावर अल्सर होऊ शकतो, तो वाहू शकतो किंवा फुटू शकतो. एखाद्याला संधिवातामुळे या गोळ्या आयुष्यभर लागणार असतील, तर बायपास सुचवण्याआधी सर्जन दोनदा विचार करेल. अडचण अशी की दुकानातून थेट आणलेल्या गोळीला लोक औषध मानतच नाहीत. "मी काहीच घेत नाही" असं सांगणारा माणूस रोज संध्याकाळी गुडघ्यासाठी एक गोळी घेत असतो. ती यादीत हवी. तसंच गर्भनिरोधक गोळी, झोपेची गोळी, आयुर्वेदिक काढे, जिममधल्या पावडरी, सगळं.

रक्त पातळ करणारी औषधं, लिथियम आणि फिटांची औषधं यांच्यासमोर ठळक खूण करा. लिथियमची रक्तातली पातळी शस्त्रक्रियेनंतर धोकादायक वाढू शकते, तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांना आधीच सोबत घ्यावं लागतं. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर तेही ठळक करा. उपाशी असताना किंवा अगदी कमी खाण्यावर असताना या गटातल्या गोळ्यांनी रक्तात कीटोन साचून आम्लता वाढते, आणि साखर फारशी वाढलेली नसल्यामुळे ते पटकन लक्षात येत नाही. शस्त्रक्रियेच्या किमान तीन दिवस आधी त्या थांबवतात, पातळ आहार त्याआधीच सुरू होणार असेल तर आणखी लवकर. पण यातलं काहीही पहिल्या भेटीआधी स्वतःच्या मनाने बंद करू नका. भेटीच्या सकाळीही नेहमीची औषधं नेहमीसारखी घ्या.

जळजळ, जुनी ऑपरेशनं आणि झोप

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि केळ्यासारखी अरुंद नळी उरते. काढलेला भाग परत जोडता येत नाही. या अरुंद नळीत दाब वाढतो आणि आम्ल वर अन्ननलिकेत येण्याचा त्रास अनेकांना वाढतो, काहींना नव्याने सुरू होतो. बायपासमध्ये वरच्या बाजूला साधारण ३० मिलिलिटरची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात, आम्ल तयार करणारं मोठं जठर वाटेतून बाजूला होतं. म्हणून जुनाट जळजळ असलेल्याला बायपास बहुधा बरा पडतो. बदल्यात लोह, बी१२ आणि कॅल्शियमची कमतरता, गोड खाल्ल्यावर घाम-धडधड-जुलाब होणारं डम्पिंग, आणि आतड्याचा वेढा आतल्या फटीत अडकण्याचा धोका येतो. अमुक शस्त्रक्रिया सर्वांत चांगली, असं सरसकट विधान त्यामुळे मला पटत नाही. कुणासाठी, हे आधी विचारलं पाहिजे.

तेव्हा जळजळीचा हिशेब नेमका द्या. आठवड्यातून किती दिवस, रात्री आडवं झाल्यावर वाढते का, घशाशी आंबट पाणी येऊन जाग येते का, ॲसिडिटीची गोळी किती वर्षं चालू आहे आणि चुकली तर काय होतं. आधी एंडोस्कोपी झाली असेल तर रिपोर्ट न्या. हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणं) किंवा बॅरेट (आम्लामुळे अन्ननलिकेच्या अस्तरात झालेला बदल) असा उल्लेख असेल तर त्यावर खूण करा.

पोटाचं आधी कोणतंही ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्डावर भागत नाही. ऑपरेशनची सविस्तर नोंद मागून आणा. हर्नियाची जाळी कुठे बसवली, आतडी चिकटलेली होती का, अन्ननलिकेच्या तोंडाशी काही शिवण घातली होती का, हे फक्त त्याच कागदावर असतं. जुन्या रुग्णालयातून तो मिळायला वेळ लागतो, म्हणून अपॉइंटमेंट मिळाली की लगेच मागणी करा. पूर्वी भूल देताना नळी घालायला त्रास झाला होता असं कुणी सांगितलं असेल, किंवा तुम्हाला अथवा जवळच्या नात्यात पायाच्या शिरेत गुठळी झाली असेल, तर तेही लिहा.

झोपेबद्दल माहिती तुमच्यापेक्षा शेजारी झोपणाऱ्या माणसाकडे जास्त असते, त्यालाच विचारा. आठ मुद्दे तपासतात : मोठ्याने घोरणं, दिवसा थकवा, झोपेत श्वास थांबताना कुणी पाहिलेला, रक्तदाब, बीएमआय ३५ च्या वर, वय ५० च्या वर, मानेचा घेर ४० सेंटिमीटरपेक्षा जास्त, आणि पुरुष असणं. तीन किंवा अधिक जुळले तर झोपेची तपासणी करावी लागण्याची शक्यता मोठी. श्वास अडकण्याचा आजार निदानाविना राहिला तर भूल आणि नंतरची वेदनाशामकं धोक्याची ठरतात. आधी कळला तर काही आठवडे सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारं यंत्र) लावून तो धोका बराच उतरवता येतो.

सिगारेट, दारू, बाळाचा विचार

तंबाखूबद्दल खोटं बोलण्यात काहीच हशील नाही. बरीच केंद्रं लघवीत किंवा रक्तात कोटिनिन, म्हणजे निकोटिनपासून शरीरात तयार होणारा पदार्थ, तपासतात. निकोटिनची पट्टी किंवा च्युइंगम वापरत असाल तरी ती तपासणी पॉझिटिव्ह येते, म्हणून ते आधीच सांगा. शस्त्रक्रियेच्या निदान सहा आठवडे आधी सोडायला सांगतात आणि नंतर कायमचीच बंद ठेवायची असते, कारण बायपासच्या जोडावरच्या अल्सरमागे धूम्रपान हे मोठं कारण आहे.

दारू किती आणि किती वेळा, हे "कधीमधी" असं न सांगता आठवड्याचं प्रमाण सांगा. बायपासनंतर ती रक्तात लवकर आणि जास्त चढते, आणि व्यसन लागण्याचा धोका शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या वर्षापासून वाढलेला दिसतो. पूर्वी व्यसन होतं आणि सुटलं आहे, हे सांगितलं तर दार बंद होत नाही. त्या दृष्टीने मदत आधीपासून आखता येते.

शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायची असते. वजन उतरायला लागलं की अनियमित पाळी नियमित होते, अनेक वर्षं न राहिलेला गर्भ अनपेक्षित राहू शकतो, आणि बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळीवर विसंबता येत नाही. मूल हवं असेल तर वय आणि घाई किती, हे पहिल्याच भेटीत बोला.

सात दिवसांची खाण्याची वही

आहारतज्ज्ञाला तुमचा आदर्श आठवडा नको असतो, खरा हवा असतो. सुट्टीचे दोन दिवस धरून सलग सात दिवस लिहा. पदार्थ आणि प्रमाण तर लिहाच, शिवाय वेळ, जागा, भूक होती का, आणि पेयं. एक नोंद अशी दिसावी : "रात्री ११.२०, मोबाइल बघत, भूक नव्हती, बिस्किटं ६, साखरेचा चहा १ कप." अशा एका ओळीतून जे कळतं ते "मी जास्त खात नाही" यातून कळत नाही. पोटभर जेवणारा, दिवसभर थोडंथोडं चरणारा, गोड पेयं पिणारा आणि रात्री उठून खाणारा, या चौघांना शस्त्रक्रियेनंतर वेगवेगळ्या अडचणी येतात. लहान झालेल्या जठरात जेवण मावत नाही, पण गोड पेय आणि सतत चरणं सहज मावतं, आणि वजन परत येण्याची वाट बहुतेकदा तिथूनच जाते. थोड्या वेळात ताबा सुटून खूप खाल्लं जात असेल, मग अपराधी वाटत असेल किंवा उलटी काढली जात असेल, तर ते नक्की सांगा. मानसशास्त्रज्ञाची भेट बऱ्याच ठिकाणी सक्तीची असते. त्यात नापास होण्याची भीती बाळगू नका. आधी कशावर उपचार हवेत, हे तिथे पाहतात.

भेटीआधी उपाशी राहून चार किलो उतरवण्याच्या फंदात पडू नका. पहिल्या दिवसाचं वजन हा पुढच्या सगळ्या मोजमापाचा पाया असतो. शस्त्रक्रियेच्या आधीचे दोन आठवडे, यकृत लहान होऊन जठरापर्यंत पोहोचायला जागा व्हावी म्हणून, बहुधा रोज ८०० ते १००० कॅलरीचा आहार दिला जातोच. ती वेळ वेगळी आणि तेव्हा ते देखरेखीखाली असतं.

काय विचारायचं

आता प्रश्न. यादी लांबलचक नको, वर महत्त्वाचे तीन ठेवा, कारण वेळ संपतो. माझ्या मते पहिला असा : माझी ही माहिती पाहता तुम्ही कोणती शस्त्रक्रिया सुचवता आणि दुसरी का नाही? उत्तरात तुमच्या जळजळीचा, साखरेचा, औषधांचा उल्लेख आला तर ऐकणारा माणूस समोर आहे असं समजा. "आम्ही सगळ्यांची हीच करतो" असं आलं, तर दुसरं मत घ्या.

दुसरा, तुम्ही स्वतः वर्षाला अशा किती करता, त्यांत गळती, रक्तस्राव आणि पुन्हा ऑपरेशन किती जणांत करावं लागलं? अनुभवी केंद्रांत पहिल्या ३० दिवसांत मृत्यूचं प्रमाण साधारण हजारात एक इतकं कमी आहे, पण शून्य कुठेच नाही, आणि जो शून्य सांगतो त्याच्याबद्दल सावध राहा. तिसरा, घरी गेल्यावर रात्री दोन वाजता त्रास झाला तर फोन कोण उचलतं? टाके किंवा स्टेपलच्या रेषेतून गळती झाली तर नाडी १२० च्या वर जाणं, ताप, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखणं अशी लक्षणं दिसतात. सकाळपर्यंत थांबण्याची ती गोष्ट नाही, आणि नंबर आधीच हाती असायला हवा.

वजन किती उतरेल याचा हिशेब स्वतः करून जा. स्लीव्हने एकूण वजनाच्या सरासरी २५ टक्के, बायपासने ३० टक्क्यांच्या आसपास उतरतं, एक-दोन वर्षांत तळ गाठतं आणि पुढे थोडं परत येतं. ११० किलोच्या माणसाने ७७ ते ८३ किलोची अपेक्षा ठेवावी. ६० किलोचं चित्र मनात घेऊन गेलात, तर उत्तम निकाल लागूनही निराशा पदरी पडेल. सैल पडणारी त्वचा, तीन ते सहा महिन्यांच्या सुमारास गळणारे केस, भराभर वजन उतरल्याने होणारे पित्तखडे, याबद्दलही विचारा.

आणि नंतरच्या आयुष्याचं काय? रोज किमान ६० ग्रॅम प्रथिनं, १२०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम विभागून, लोह त्यापासून निदान दोन तास लांब, बी१२, ड जीवनसत्त्व, आणि दरवर्षी रक्ततपासणी. हे सगळं आयुष्यभर. सतत उलट्या होत राहिल्या तर बी१ इतक्या लवकर संपतं की मेंदूला इजा होऊ शकते. हे ऐकून हात आखडत असेल तर तसं मोकळेपणाने बोला. गोळ्या नियमित घेणं जमणार नाही असं ज्याला प्रामाणिकपणे वाटतं, त्याच्यासाठी निवडच वेगळी होऊ शकते.

त्या दिवशी

फाईलमध्ये सर्वांत वर एक पान : उंची, वजन, आजार, औषधं, ॲलर्जी, जुनी ऑपरेशनं. त्याखाली वजनाचा इतिहास, मग खाण्याची वही, मग रिपोर्ट, नवे वर आणि जुने खाली. गेल्या तीन महिन्यांतले एचबीए१सी (साखरेची सुमारे तीन महिन्यांची सरासरी), हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२, ड जीवनसत्त्व, थायरॉइड, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या असतील तर न्या. नसतील तर आधी खर्च करू नका, केंद्र स्वतःच्या यादीप्रमाणे सांगेल. उपाशीपोटी यायचं का, हे मात्र फोनवर विचारा. ढिले, सहज काढता येणारे कपडे घाला.

सोबत एकच माणूस न्या, ऐकून लिहून घेणारा. तुमच्या वतीने बोलणारा नको. दारूबद्दल, खाण्याबद्दल किंवा मनाच्या अवस्थेबद्दल त्याच्यासमोर बोलवणार नसेल, तर पाच मिनिटं एकट्याने बोलायचं आहे असं डॉक्टरांना सांगा, ते त्याला बाहेर बसवतील.

पहिल्याच भेटीत, तपासण्यांआधी, शस्त्रक्रियेची तारीख आणि आगाऊ रक्कम मागितली गेली तर उठून या. योग्य ठिकाणी त्या दिवशी हातात पडते ती तपासण्यांची आणि पुढच्या भेटींची यादी : आहारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, भूलतज्ज्ञ, गरज असेल तर हृदय आणि झोपेची तपासणी. प्रत्येक ओळीपुढे ती कशासाठी आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे तिथेच विचारून लिहून घ्या. "आत्ता नाही" असं उत्तर मिळालं, तर नेमकं काय बदललं की हो म्हणाल, तेही लेखी मागा : एचबीए१सीचा आकडा, तंबाखू सोडून किती आठवडे, सीपॅप किती रात्री.